हे खरेच गरजेचे आहे का?
लॉरी बेकर यांच्या घरांतून साध्या जीवनाचा पाठ



संत लूककृत शुभवर्तमानात (14:28-30) प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला देतो. शहाणा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. जो तसे करीत नाही, त्याचे काम पाया घालूनच थांबते आणि येणारे-जाणारे त्याला हसतात. हा दाखला शिष्यत्वाची किंमत समजावून सांगण्यासाठी आहे, हे आपण जाणतो. परंतु उदाहरण मात्र थेट बांधकामाचे आहे. संत योसेफाच्या धंद्यासाठी शुभवर्तमानात जो ग्रीक शब्द आला आहे, त्याचा अर्थ सुतार असा होतो, तसाच घरे बांधणारा कारागीर असाही होतो. नाझरेथच्या त्या घरात खर्चाच्या आणि कामाच्या गोष्टी रोजच निघत असणार.

आज आपल्या कुटुंबांत घर बांधायची वेळ आली की हिशेब होतो, पण तो बहुधा उलट्या टोकाने होतो. आपल्याला किती खोल्या लागतात, हे आधी विचारले जात नाही. शेजारच्यांनी किती मजले चढवले, पाहुणे काय म्हणतील, मुलाच्या लग्नात मांडवातून घर कसे दिसेल, याचा विचार आधी होतो. मग त्या आकड्याला पुरेल एवढे कर्ज काढले जाते. वीस वर्षांचा हप्ता बसतो. तो फेडण्यासाठी नवरा-बायको दोघेही दिवसभर बाहेर राहतात आणि ज्या घरासाठी हे सारे केले, त्या घरात बसायला कुणालाच वेळ उरत नाही.

या आठवड्याच्या पाठात आपण एका अशा माणसाची ओळख करून घेणार आहोत, ज्याने आयुष्यभर घरे बांधली आणि प्रत्येक वीट ठेवताना एकच प्रश्न विचारला : हे खरेच गरजेचे आहे का?

1. चिंध्यांचे बूट

लॉरी बेकर यांचा जन्म 2 मार्च 1917 रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात झाला. तेथेच त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले. तरुणपणी त्यांनी क्वेकर हा ख्रिस्ती पंथ स्वीकारला. क्वेकर लोक युद्धात शस्त्र धरत नाहीत आणि राहणीत साधेपणा पाळतात. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात बेकर सैनिक म्हणून गेले नाहीत. क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकातून ते चीनमध्ये गेले. तेथे त्यांनी जखमींची सेवा केली व पुढे कुष्ठरोग्यांमध्ये काम केले.

चीनहून मायदेशी परतताना जहाजाची वाट पाहत त्यांना मुंबईत काही महिने थांबावे लागले. या मुक्कामात त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. बेकर यांच्या पायात कापडाच्या चिंध्यांपासून हाताने बनवलेले बूट होते. ही कला ते चीनमध्ये शिकले होते. गांधीजींनी त्या बुटांची आवर्जून चौकशी केली. वास्तुविशारदाने आपले कसब भारतातील गरिबांसाठी वापरावे, हा विचार याच ओळखीतून बेकर यांच्या मनात रुजला.

गांधीजींची एक कल्पना बेकर आयुष्यभर सांगत राहिले. आदर्श खेड्यातील आदर्श घर हे त्या घराभोवती पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून उभे राहावे. याचा नमुना आपल्या महाराष्ट्रातच आहे. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे माती, बांबू, लाकूड आणि कौले यांची बापू कुटी आजही पाहायला मिळते. देशाच्या राजकारणातील मोठमोठ्या चर्चा त्या मातीच्या भिंतींच्या आत, जमिनीवरच्या चटईवर बसून झाल्या. घर साधे असल्यामुळे तेथील माणसाचे मोठेपण कमी झाले नाही.

2. डोंगरातील शाळा

1945 साली बेकर कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेतर्फे भारतात आले. कुष्ठरोगावर नवी औषधे येत होती. रोग्यांना केवळ डांबून ठेवण्याच्या जुन्या जागांचे रुग्णालयांत रूपांतर करणे हे त्यांचे काम होते. येथे त्यांना एक धक्का बसला. इंग्लंडमध्ये शिकलेल्या वास्तुशास्त्रात वाळवीचे नाव नव्हते, धो धो पावसाचा उल्लेख नव्हता, मातीच्या भिंती आणि शेणाने सारवलेली जमीन तर दूरच राहिली. मात्र गावातील अशिक्षित माणसाला हे सगळे ठाऊक होते.

1948 मध्ये त्यांचा विवाह केरळच्या डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी झाला. दोघे हिमालयात पिथोरागडला फिरायला गेले. डॉक्टर आल्याचे कळताच आजूबाजूच्या गावांतून रुग्ण येऊ लागले, आणि ते दोघे सुमारे सोळा वर्षे तेथेच राहिले. पत्नी उपचार करीत असे. बेकर इमारती बांधत आणि गरज पडेल तेव्हा दवाखान्यात हाताखाली उभे राहत.

पिथोरागडच्या लोकांनी शेकडो वर्षांत डोंगरातील दगड, लाकूड आणि माती यांतून आपली घरे घडवली होती. कोणत्या दिशेने वारा येतो, बर्फ कोठे साचते, कोणता दगड सहज फुटतो, हे त्यांना पुस्तक न वाचता माहीत होते. बेकर यांनी त्यांना शिकवण्याऐवजी त्यांच्याकडून शिकायचे ठरवले. आपण सुशिक्षित माणसे गावातील म्हाताऱ्या गवंड्याला किंवा सुताराला असे कधी विचारतो का?

3. चार गोष्टी समजून घेऊ

1963 मध्ये बेकर दांपत्य केरळला आले. आधी वागमोन येथे आणि 1970 च्या सुमारास तिरुवनंतपुरम शहरात ते स्थायिक झाले. तेथे त्यांनी शेकडो घरे बांधली. बेकर स्वतः गवंड्यांबरोबर कामावर उभे राहत. जुन्या पत्रिका आणि लिफाफ्यांच्या कोऱ्या बाजूवर ते नकाशे काढत. त्यांच्या बांधणीतील चार गोष्टी सोप्या भाषेत पाहू.

पहिली, भिंत. नेहमीच्या नऊ इंची भिंतीत विटा सपाट रचतात आणि भिंत आतून भरीव असते. बेकर विटा त्यांच्या कडेवर उभ्या करीत. दोन विटा समोरासमोर, मध्ये पोकळी, मग दोन्ही बाजूंना जोडणारी एक वीट आडवी. उंदराच्या सापळ्यासारखी पोकळी राहते म्हणून इंग्रजीत या रचनेला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात. भिंतीची जाडी तेवढीच राहते, पण विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात आणि मालही कमी लागतो. आतल्या हवेमुळे उन्हाचा ताप घरात कमी शिरतो. वीट चांगली असेल तर बेकर तिच्यावर गिलावा करीत नसत. गिलावा नाही, म्हणून रंग नाही, आणि दर काही वर्षांनी पुन्हा रंग काढण्याचा खर्चही नाही.

दुसरी, स्लॅब. स्लॅबवर वजन आले की तो किंचित वाकतो. वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दाब काँक्रीट सोसते, ताण लोखंडी सळया सोसतात. मग खालच्या बाजूच्या सळयांमधील काँक्रीट काय करते? फारसे काही नाही, ते केवळ वजन वाढवते. बेकर तेथे मंगलोरी कौले ठेवत, अगदी थोडी दुखावलेलीसुद्धा. काँक्रीट वाचते, स्लॅब हलका होतो, म्हणून लोखंडही कमी लागते. शिवाय खालून पाहिले तर छताला कौलांची नक्षी दिसते.

तिसरी, खिडकी. चौकट, झडपा, बिजागऱ्या, कड्या, काच आणि गज मिळून खिडकी ही घरातील महाग वस्तू होते. बेकर विचारत, खिडकी कशासाठी? उजेड आणि वारा यांसाठी असेल, तर भिंतीत विटांची जाळी ठेवली की काम झाले. जाळीतून वारा येतो, चोर येत नाही. विटाही वाचतात, कारण भोकांना पैसे पडत नाहीत. बाहेर पाहण्यासाठी उघडझाप हवी असेल, तर एक उभी फळी घ्यावी, तिच्या वर आणि खाली एकेक खुंटी ठेवावी आणि त्या खुंट्या भिंतीतील खाचांत बसवाव्यात. फळी स्वतःभोवती फिरते. चौकटही नको आणि बिजागरीही नको.

चौथी, घराचा आकार. हे गणित मुलांकडून करून घ्यावे. भिंतीची एकूण लांबी 40 फूट धरा. 15 फूट लांब आणि 5 फूट रुंद खोली केली, तर आत 75 चौरस फूट जागा मिळते. 10 बाय 10 ची चौरस खोली केली, तर 100 चौरस फूट मिळते. त्याच 40 फुटांची गोल भिंत बांधली, तर सुमारे 127 चौरस फूट जागा मिळते. म्हणून बेकर यांच्या अनेक घरांच्या भिंती गोल आणि वळणदार असतात. जागेवर आधीपासून झाड असेल, तर ते तोडण्याऐवजी भिंत त्याला वळसा घालून पुढे जाते.

या चारही गोष्टींत कोणतेही गुपित नाही, आणि बेकर यांनी ते गुपित ठेवलेही नाही. खर्च कसा कमी करावा, मातीची घरे कशी बांधावीत, यांवर त्यांनी स्वतःच्या हाताने चित्रे काढून लहान लहान पुस्तिका तयार केल्या. एका बाजूला नेहमीची पद्धत, दुसऱ्या बाजूला कमी खर्चाची. वाचता न येणाऱ्यालाही चित्र पाहून समजावे, अशी त्यांची रीत होती. 1985 मध्ये केरळचे माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन, अर्थतज्ज्ञ के. एन. राज आणि इतरांबरोबर त्यांनी कॉस्टफोर्ड ही संस्था स्थापन केली. ही विद्या पुढच्या पिढीतील गवंडी आणि अभियंत्यांपर्यंत पोहोचावी, हा तिचा हेतू होता.

4. चर्च, मच्छीमारांची वस्ती आणि स्वतःचे घर

कमी खर्चाचे म्हणजे फक्त झोपडीला शोभणारे, असा आपला समज असतो. तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यम येथे येशूसंघीयांच्या लोयोला संस्थेचे चॅपेल आणि सभागृह बेकर यांनी 1971 च्या सुमारास बांधले. उघड्या विटांच्या उंच भिंती आणि त्यांच्या जाळीतून आत येणारा उजेड हीच तेथील सजावट आहे. तिरुवल्ला येथील संत जॉन कॅथेड्रलही त्यांचेच काम आहे. शहरातील बसस्थानकाजवळचे विटांचे गोल कॉफी हाउस तर सगळ्यांच्या माहितीचे. उतरणीसारखी वर चढत जाणारी एकच फरशी, तिच्या कडेने बांधीव बाके आणि टेबले. उजेडासाठी आणि वाऱ्यासाठी तेथेही विटांची जाळीच आहे.

आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. तिरुवनंतपुरमच्या पूंथुरा किनाऱ्यावर 1970 च्या दशकात मच्छीमारांसाठी सरकारी घरे बांधायची होती. अशी घरे सहसा चाळीसारखी एका ओळीत बांधतात. त्यामुळे पहिल्या रांगेला वारा मिळतो आणि मागची रांग घुसमटते. बेकर यांनी घरे थोडी मागे-पुढे सरकवून ठेवली, म्हणजे समुद्राचा वारा प्रत्येक घरातून जाईल. मधल्या मोकळ्या जागेत मुलांना खेळता यावे आणि जाळी सुकवता यावीत, अशी सोय केली. यासाठी जास्तीचा पैसा लागला नाही. ज्यांच्यासाठी घर बांधायचे, ते लोक दिवसभर काय करतात, हे तेवढे पाहावे लागले.

स्वतःचे घर त्यांनी नालांचिरा येथील खडकाळ उतारावर बांधले. सुरुवात अगदी लहानशा निवाऱ्याने झाली. जसजशी गरज पडली आणि साहित्य मिळाले, तसतशा खोल्या वाढत गेल्या. मोडलेल्या जुन्या घरांचे लाकूड, फुटक्या फरश्यांचे तुकडे, रिकाम्या बाटल्या, असे लोकांनी टाकून दिलेले साहित्य त्यांनी तेथे वापरले. भिंतीत बसवलेल्या रंगीत बाटल्यांतून आत उजेड झिरपतो. हे घर एका वर्षात पुरे झाले नाही आणि तशी घाईही कुणाला नव्हती. ऐपतीप्रमाणे वाढवलेल्या घराला मोठे कर्ज लागत नाही. आपल्याकडे आजी-आजोबांची पिढीही याच रीतीने घर वाढवीत असे. आधी एक खोली आणि ओटा, मग पडवी, मग मुलाच्या लग्नाच्या वेळी मागची खोली.

बेकर पुढे भारताचे नागरिक झाले. 1990 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1 एप्रिल 2007 रोजी, नव्वदाव्या वर्षी, तिरुवनंतपुरममधील याच घरी त्यांनी देह ठेवला.

5. साधेपणा म्हणजे कंजुषी नव्हे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. खर्च कमी करायचा म्हटले की आपली पहिली नजर मजुराच्या मजुरीवर जाते. टाइल्स महाग घेतो आणि गवंड्याशी पन्नास रुपयांसाठी वाद घालतो. बेकर यांचा हिशेब याच्या अगदी उलट होता. त्यांनी सिमेंट, लोखंड आणि काच यांचा खर्च कमी केला, पण हाताच्या कामाला मान दिला. जाळी रचायला, कमान वळवायला कसबी गवंडी लागतो. म्हणजे घराचा पैसा दूरच्या कारखान्याकडे कमी आणि गावातील वीटभट्टी, सुतार, गवंडी यांच्याकडे जास्त जातो. मजुरांची अडवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असा इशारा संत याकोबाच्या पत्रात (5:4) आहे. ज्या घराच्या भिंतीत कुणाची बुडवलेली मजुरी आहे, ते कितीही लहान असले तरी साधे घर नव्हे.

दुसरी काळजी सुरक्षेची. बेकर सिमेंट आणि लोखंडाचे शत्रू नव्हते. जेथे गरज तेथे ते वापरीत. पोकळ भिंत बांधायला सरळ, भाजलेली वीट आणि शिकलेला गवंडी लागतो. कोपरे आणि पायाकडचे थर भरीव ठेवावे लागतात. कौलांचा स्लॅब अभियंत्याला विचारल्याशिवाय घालू नये. पश्चिमेकडून पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला लांब पागोळ्या हव्यात किंवा गिलावा हवा. दुसऱ्याच्या घराची नक्कल केली तर तीही फॅशनच होईल. शिकायचा आहे तो प्रश्न विचारण्याचा परिपाठ.

6. आपल्या हातांनी काय होईल?

आपल्यापैकी बहुतेकांची घरे बांधून झाली आहेत, अनेक जण फ्लॅटमध्ये राहतात. मग हा पाठ आपल्यासाठी नाही का? आहे. घर हाताने बांधता आले नाही, तरी हाताने सांभाळता येते.

संत पौल करिंथ येथे अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर राहून तंबू बनवण्याचा धंदा करीत असे (प्रेषितांची कृत्ये 18:3). हाताला काम होते, म्हणून तो आपल्या पोटापाण्यासाठी कुणावर भार झाला नाही. आपल्या मुलांना संगणक येतो, आणि ते चांगलेच आहे. पण गळक्या नळाचा वायसर बदलता येतो का? सैल झालेली बिजागरी बसवता येते का? फुटलेले कौल काढून दुसरे सरकवता येते का? पायजम्याची शिवण उसवली तर तो घालायचे सोडून देतो की सुई-दोरा घेतो?

कुटुंबाने मिळून करण्यासारखे एक काम सुचवितो : कुंपणाच्या भिंतीला किंवा मागच्या पडवीला चुना लावणे. चुन्याची कळी मोठ्या भांड्यात पाण्यात टाकली की पाणी उकळू लागते. म्हणून हे काम मोठ्यांनीच करावे, डोळे जपावेत आणि मुलांना दूर ठेवावे. भांडे प्लास्टिकचे नसावे. विझलेला चुना काही दिवस पाण्याखाली भिजत ठेवावा, मग फडक्याने गाळून दुधासारखा पातळ करावा. थोडा डिंक घातला तर तो भिंतीला धरतो. भिंत आधी घासून ओली करावी आणि जाड एक हात देण्याऐवजी पातळ दोन-तीन हात द्यावेत. लावताना पांढरेपणा दिसत नाही, सुकल्यावर उजळतो. यात पैसे थोडे वाचतील. पण त्या भिंतीवर मुलाने रेघ ओढली, तर ओरडणारा बाप नसेल, भाऊच असेल, कारण ती भिंत त्याने रंगवलेली असेल.

मात्र विजेची जोडणी आणि घराचा भार पेलणाऱ्या भिंती यांना स्वतः हात लावू नये. त्यासाठी जाणकार माणूसच बोलवावा. आपल्याला काय येत नाही, हे ओळखणे हाही हिशेबाचा भाग आहे.

बुरूज बांधणाऱ्या माणसाने आधी बसून हिशेब करावा, असे प्रभू सांगतो. त्या हिशेबात केवळ पैसे मोजायचे नाहीत. घरासाठी आपण किती वर्षे गहाण टाकतो, किती संध्याकाळी मुलांपासून दूर घालवतो, हेही मोजायचे आहे. तो आकडा समोर आला, की गरजेचे काय आणि दिखाव्याचे काय, हे वेगळे करणे फारसे कठीण जात नाही.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या घरातील कोणत्या तीन गोष्टी लोकांना दाखवण्यासाठी केल्या? त्यांचा खर्च आपण अजून फेडत आहोत का?
2. आपले घर ज्यांनी बांधले, त्या गवंड्याचे, सुताराचे नाव आपल्याला आठवते का? त्यांची मजुरी वेळेवर आणि पुरती दिली होती का?
3. घरातील वडीलधाऱ्यांना हाताची कोणती कामे येत होती? त्यांतील कोणती आज घरात एकालाही येत नाहीत?

या आठवड्यासाठी कृती

घरातील मोडलेली एक वस्तू निवडा. ती फेकू नका आणि लगेच बाहेरही देऊ नका. घरातील किंवा शेजारच्या जाणत्या माणसाला विचारून, मुलांना सोबत घेऊन दुरुस्त करा. नवी वस्तू घ्यावीच लागली, तर दुकानात जाण्यापूर्वी सगळ्यांनी मिळून एकदा विचारा : हे खरेच गरजेचे आहे का?